फादर किनो : सोनोराच्या वाळवंटात मुक्काम ठोकलेला पाद्री

पाणंद

अमेरिकेत ॲरिझोनातल्या टूसानमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींच्या तोंडी ‘किनो’ हे नाव रोज असतं. किनो पार्कवेवरून गाडी काढायची, किनोच्या नावाच्या मैदानावर मुलांना फुटबॉलला सोडायचं. हा किनो कोण म्हणून विचारलं तर बहुतेक जण ‘असेल कोणी स्पॅनिश पाद्री’ म्हणून मोकळे होतात. मी वसईची. आमच्याकडे फादरांच्या गोष्टी लहानपणापासून कानावर पडतात, त्यामुळे असेल, पण या माणसाबद्दल वाचायला घेतलं आणि सुटेना. मराठीत त्याच्यावर सलग काही सापडलं नाही, म्हणून हा धागा काढते आहे.

एउसेबियो फ्रान्सिस्को किनो. जन्म १६४५ चा, आल्प्सच्या डोंगरातल्या सेन्यो नावाच्या खेड्यातला. आज ते गाव इटलीत त्रेंतोजवळ येतं. पुढचं शिक्षण जर्मन मुलखात झालं. अठराव्या वर्षी जिवावरचं दुखणं आलं, तेव्हा त्याने सेंट फ्रान्सिस झेवियरला नवस केला की यातून उठलो तर मिशनरी होईन. उठला. झेवियरचं ‘फ्रान्सिस्को’ आपल्या नावात घातलं आणि १६६५ मध्ये जेझुइट झाला, म्हणजे त्या नावाच्या कॅथलिक पाद्र्यांच्या संघात गेला. हा झेवियर म्हणजे जुन्या गोव्याच्या बॉम जीझस चर्चमधला आपला गोंयचो सायब.

गणितात डोकं विलक्षण. बव्हेरियात गणित शिकवण्याची जागा चालून आली होती, ती त्याने नाकारली. त्याला जायचं होतं चीनला, कारण गणित आणि खगोल येणाऱ्या जेझुइटांना तिथे थेट दरबारात जागा मिळत असे. वरिष्ठांनी दोन जागा काढल्या, एक फिलिपिन्सची, एक मेक्सिकोची. किनो आणि त्याचा सोबती केर्श्पामेर, दोघांनाही पूर्वेकडेच जायचं होतं. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. किनोच्या हाताला मेक्सिको लागलं.

पुढे कादिझला जहाज चुकलं आणि स्पेनमध्येच वर्षं गेली. १६८०-८१ चा तो प्रसिद्ध धूमकेतू त्याने तिथूनच पाहिला. मेक्सिको सिटीत पोचल्यावर त्यावर पुस्तक छापलं आणि धूमकेतू हा अरिष्टाचा संकेत असतो अशी बाजू मांडली. तिथला विद्वान सिग्वेन्सा इ गोंगोरा त्यावरून कायमचा बिनसला, त्याने १६९० मध्ये खरमरीत उत्तर छापलं. खगोलात सिग्वेन्साचं बरोबर होतं. पण किनोचं खरं काम खगोलात नव्हतंच.

१६८३ ते ८५ तो बाहा कॅलिफोर्नियात होता, म्हणजे आजच्या मेक्सिकोच्या पश्चिमेकडच्या लांबट द्वीपकल्पावर. अडमिरल आतोंदोच्या मोहिमेबरोबर सान ब्रुनोला वस्ती केली, पाऊस पडला नाही, वस्ती उठवावी लागली. तिथल्या लोकांना सोडून येणं त्याला फार लागलं. हा सल त्याने पुढे जन्मभर बाळगला, आणि पुढच्या कितीतरी हालचालींमागे तोच आहे.

आता मुख्य भाग. १६८६ च्या शेवटी त्याला नेमणूक मिळाली पिमेरिया आल्ताची. म्हणजे आजच्या मेक्सिकोच्या सोनोरा राज्याचा उत्तर भाग आणि अमेरिकेच्या ॲरिझोनाचा दक्षिण भाग. तिथे ओओधाम लोक राहत, स्पॅनिश त्यांना पिमा म्हणत. त्या मुलखाच्या दक्षिणेला चांदीच्या खाणी होत्या आणि खाणमालकांना हवी होती वेठीची माणसं. रिवाज असा की बाप्तिस्मा झाला, माणूस राजाची प्रजा झाला, की त्याला खाणीत ओढायचं. बाप्तिस्म्याची भीती लोकांना वाटायची ती यामुळे.

किनो मिशनवर जाण्याआधी वाट वाकडी करून ग्वादालाहाराच्या न्यायसभेपुढे गेला आणि अर्ज केला की नव्या ख्रिस्ती लोकांना पाच वर्षं वेठीतून सूट द्या. तेवढ्यात राजा दुसऱ्या कार्लोसचा १४ मे १६८६ चा हुकूम येऊन पोचला होता, त्यात वीस वर्षांची सूट होती. किनोने त्याची नक्कल घेतली आणि तो कागद घेऊनच तो पिमेरियात शिरला. माझ्या लेखी त्याच्या आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट ही. पाऊल ठेवण्याआधी त्याने आपल्याच लोकांच्या हातून होणारा छळ कायद्याने अडवायची खटपट केली. सोनोरातल्या खाणवाल्यांनी आणि गुरांच्या मालकांनी त्याच्याविरुद्ध शेवटपर्यंत कागाळ्या केल्या त्याचं कारण हेच.

१३ मार्च १६८७ ला कोसारी या गावी त्याने नुएस्त्रा सेन्योरा दे लोस दोलोरेस हे मिशन सुरू केलं. नदीकाठची टेकडी, खाली शेतं. काही वर्षांत तिथे चर्च झालं, पाणचक्की झाली, सुतारकाम आणि लोहारकामाची जागा झाली, द्राक्षांचा मळा आणि फळबाग झाली. बागेत डाळिंब, अंजीर, पीच, नासपती. त्याने उभारलेली मिशनं आणि भेटीची गावं (जिथे पाद्री राहत नसे, अधूनमधून जायचा) मिळून सुमारे २४ होतात. प्रत्येक नव्या ठिकाणी पाद्री जाण्याच्या आधी तो गुरं धाडायचा. १७०० मध्ये सान झेवियर देल बाकसाठी त्याने दोलोरेसची १,४०० गुरं गोळा केली, त्यांचे दोन सारखे कळप केले आणि एक कळप ओओधाम मुकादमाच्या हाती बाकला पाठवला. त्याच वर्षी ७०० गुरं कॅलिफोर्नियाच्या आखाताच्या पलीकडे, जेझुइट फादर साल्वातिएराच्या मिशनला दिली. साल्वातिएराने १६९७ पासून बाहा कॅलिफोर्नियात पुन्हा पाय रोवले होते. यातलं एकही जनावर किनोच्या नावावर नव्हतं.

आणि प्रवास! घोड्यावरून दिवसाला पन्नास-साठ किलोमीटर हे त्याचं रोजचं चालणं. बऱ्याचदा बरोबर स्पॅनिश कॅप्टन मान्खे असायचा, तो रोजनिशी लिहायचा, म्हणून इतके तपशील उरले.

यातच शिंपल्यांचं प्रकरण आहे. त्या काळी कॅलिफोर्निया हे बेट आहे असा समज होता, किनोच्या स्वतःच्या आधीच्या नकाशातही ते बेटच आहे. १६९९ मध्ये ॲरिझोनातल्या हिला नदीकाठी लोकांनी त्याला निळे शिंपले भेट दिले. त्याला आठवलं की असे शिंपले आपण १६८५ च्या सुमारास बाहा कॅलिफोर्नियाच्या पॅसिफिक किनाऱ्यावर पाहिले होते, आखाताच्या बाजूला कधीच नाही. मग हे इथे आले कसे? १७०० च्या वसंतात त्याने बाकला गावोगावच्या प्रमुखांना बोलावून शिंपले कुठून आणता, कोणाकडून घेता, किती दिवसांची वाट, असं एकेकाला विचारलं. उत्तर एकच निघालं की ते पायवाटेने, हातोहात येतात. १७०१ च्या नोव्हेंबरात तो कोलोराडो नदीवर पोचला. तिथल्या लोकांनी ओंडक्यांचा तराफा बांधला, पाय भिजू नयेत म्हणून त्यावर मोठी टोपली ठेवली, त्यात याला बसवलं आणि पोहत पोहत पैलतीरी नेलं. १७०२ च्या मार्चमध्ये नदीच्या मुखाशी उभं राहून त्याने आखाताच्या पाण्यावर सूर्य उगवताना पाहिला. समुद्र पूर्वेला आणि आपण कोरड्या जमिनीवर, म्हणजे कॅलिफोर्नियाला जमिनीवरून जाता येतं. त्याचा नकाशा १७०५ मध्ये पॅरिसला छापला गेला. तरी वाद चालूच राहिला. कॅलिफोर्निया बेट नाही असा स्पेनच्या राजाचा हुकूम निघाला तो १७४७ मध्ये.

१७११ च्या मार्चमध्ये माग्दालेनाला झेवियरच्या नावाचं नवं छोटं चर्च उघडायचं होतं. किनो तिथे मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) म्हणायला गेला, मिस्सेतच त्याला बरं वाटेनासं झालं आणि १५ तारखेला तो गेला. वय ६५. त्याच्या जागी आलेल्या फादर वेलार्देने लिहून ठेवलंय की मरतानाचं अंथरूण नेहमीचंच होतं, वासराची दोन कातडी खाली, स्थानिक लोकांच्या दोन घोंगड्या वर आणि उशाला खोगीर.

पिमांचं १६९५ चं बंड मी मुद्दाम इथे थोडक्यात आटोपत नाही. प्रतिसादांत बोलू, तो विषय मोठा आहे.

---

कुळीथ

छान लिहिलंय. कॅलिफोर्नियाच्या बेटाची गोष्ट माहीत होती, शिंपल्यांची नव्हती. एक विचारायचं होतं. हे निळे शिंपले आखातात होतच नाहीत का, की त्याला फक्त दिसले नाहीत?

---

पाणंद

@कुळीथ, होत नाहीत. अबलोनी म्हणतात त्याला. त्याला थंड पाणी लागतं, पॅसिफिकच्या बाजूचं. आखाताचं पाणी कोमट. किनोला हे जीवशास्त्र ठाऊक नव्हतं, पण त्याने दोन्ही किनारे पायी पाहिले होते आणि काय कुठे दिसलं हे पंधरा वर्षं लक्षात ठेवलं होतं.

---

गव्हाणी

मी विदर्भातला, शेतकी शिकलेला. तुम्ही गुरांचं सविस्तर सांगितलंत पण गव्हाला पुरेशी जागा दिली नाहीत, ती भर मी घालतो.

ओओधाम लोक किनो येण्याआधी शेकडो वर्षं शेती करत होते, पाटाचं पाणी वापरत होते. त्यांना शेती शिकवली हे म्हणणं साफ चूक ठरेल. त्यांची पिकं मका, घेवड्याच्या जाती आणि भोपळे. ही सगळी उन्हाळ्यानंतरच्या पावसावर येणारी, आपल्या भाषेत खरिपाची. त्या वाळवंटात जुलै-ऑगस्टचा पाऊस आपल्या मान्सूनसारखाच येतो, तिथले लोक त्याला मान्सूनच म्हणतात. हिवाळ्यातही थोडा पाऊस पडतो, पण त्या पावसावर घेण्याजोगं धान्याचं पीक त्यांच्याकडे नव्हतं. वसंत आला की कणग्या तळाला लागायच्या आणि मेस्कीटच्या झाडाच्या शेंगा, निवडुंगाची फळं पिकेपर्यंत दिवस काढावे लागायचे.

गहू नेमका इथे बसला. नोव्हेंबर-डिसेंबरात पेरायचा, मे महिन्यात काढायचा. मक्याच्या हंगामाला धक्का नाही, तेच शेत, तोच पाट, आणि अडचणीच्या दिवसांत घरात धान्य. त्यांना रब्बी मिळाली. म्हणूनच गहू इतक्या लवकर पसरला, जिथे पाद्री कधी राहिलाच नाही अशा हिला नदीकाठच्या गावांतही. धर्म स्वीकारायला लोकांनी वेळ घेतला, बियाणं लगेच घेतलं. शेतकरी जगात कुठेही असाच वागतो.

त्या गव्हाची जात ‘व्हाइट सोनोरा’ म्हणून आजही आहे. मऊ, फिकट दाण्याचा, कमी पाण्यावर तग धरणारा. मध्यंतरी जवळजवळ नाहीसा झाला होता, आता पुन्हा लावतात.

गुरांबद्दल मात्र हात राखून बोलायला हवं. किनोच्या काळात कळप लहान होते, पण त्याने जी प्रथा घातली ती दोनशे वर्षांनी हाताबाहेर गेली. १८८०-९० च्या दशकांत त्या भागातल्या नद्यांचे काठ खचले, पात्रं खोल गेली, त्यामागच्या कारणांत अति चराई हे एक मोठं कारण मानलं जातं.

---

पाणंद

@गव्हाणी, मनापासून धन्यवाद. रब्बीचा मुद्दा मला कोणी इतका नीट समजावून दिला नव्हता.

तो गहू इथे सान झेवियरच्या सहकारी शेतावर पिकतो. ओओधाम कुटुंबांचंच शेत आहे ते. मी पीठ आणते. कणीक मळताना पाणी कमी लागतं, तिंबून अर्धा तास ठेवली की इतकी लवचिक होते की घडीची पोळी कडेपर्यंत एकसारखी पातळ लाटता येते. तव्यावर फुगायला मात्र आपल्या सिहोरसारखी भरवशाची नाही, आच थोडी कमी ठेवावी लागते. सोनोरात याच गव्हाचे हातभर रुंद तोर्तिया करतात.

---

अश्मक

लेख माहितीपूर्ण आहे, पण सूर मला पटत नाही.

वेठीतून वीस वर्षं सूट देणारा राजा कोण? ज्याचा त्या जमिनीवर काडीचा हक्क नव्हता तो. सूट दिली म्हणजे वेठ मुळात रास्त आहे हे धरूनच चाललं. किनो चांगला माणूस होता हे एक वेळ मान्य करू. पण तो ज्या यंत्रणेचा भाग होता तिने या लोकांचं काय केलं ते पाहा. विखुरलेल्या वाड्या एका जागी आणून गावं वसवली, आणि एकत्र आल्यावर देवी-गोवराने माणसं पटापट मेली. आठवड्यातले काही दिवस मिशनच्या शेतात राबायचं. पाद्र्यांमागून सैनिकांची ठाणी आली, त्यांच्यामागून खाणवाले.

किनोच्या मृत्यूला चाळीस वर्षं होतात तोच, १७५१ मध्ये, लुईस ओआक्पिकागिगुआच्या नेतृत्वाखाली पिमांनी मोठा उठाव केला. शंभराहून जास्त माणसं मारली गेली. लोक सुखी असते तर उठले असते का? आणि तुम्ही १६९५ चं बंड पुढे ढकललंत. तेच आधी सांगायला हवं होतं.

---

पाणंद

@अश्मक, सांगते. घाईघाईत दोन ओळींत उरकू नये एवढ्यासाठीच मागे ठेवलं होतं.

तुबुतामाच्या मिशनवर बाहेरून आणलेला, ओपाता या दुसऱ्या जमातीतला मुकादम होता, तो पिमांना मारहाण करायचा. १६९५ च्या मार्चअखेर तिथल्या लोकांनी त्याला आणि त्याच्या दोन साथीदारांना मारलं. तिथून जमाव काबोर्काला गेला आणि २ एप्रिलला तिथल्या तरुण फादर साएताला बाणांनी मारलं. साएताला तिथे येऊन जेमतेम काही महिने झाले होते. किनोचा तो लाडका होता.

मग सैन्य आलं. ठरलं असं की पिमांच्या प्रमुखांनी एल तुपो या जागी निःशस्त्र जमायचं, अपराधी कोण ते दाखवायचं, बाकीच्यांना अभय. किनोने निरोप पाठवले म्हणून लोक आले. ९ जूनला, एका प्रमुखाने एकाकडे बोट दाखवताच एका अधिकाऱ्याने त्याचं मुंडकं उडवलं. लोक पळायला लागले आणि सैनिकांनी कत्तल सुरू केली. सुमारे ५० माणसं मेली, त्यातली बहुतेक निरपराध, त्यातले काही तर मदतीला आलेले. त्यानंतर पिमांनी तुबुतामा, इमुरिस, सान इग्नासिओ, माग्दालेना इथली मिशनं जाळली. त्यांनी ती का जाळू नयेत याला माझ्याकडे उत्तर नाही.

आता किनोने काय केलं. ऑगस्टअखेर त्याच जागी तह झाला, त्यात त्याने मध्यस्थी केली. नोव्हेंबरात दोलोरेसहून निघाला आणि ५३ दिवसांत घोड्यावर मेक्सिको सिटी गाठली. दोन हजारांहून जास्त किलोमीटर, वय पन्नास. तिथे वरिष्ठांपुढे आणि व्हाइसरॉयपुढे त्याने पिमांची बाजू मांडली. साएताचं चरित्र लिहिलं, त्यातही दोष पिमांच्या माथी मारू नका, हा सगळा प्रसंग का ओढवला ते बघा, हीच विनवणी आहे. स्वतःचा जवळचा माणूस मारला गेलेला असताना.

यंत्रणेबद्दल तुम्ही लिहिलंत ते सगळं खरं आहे. रोगराईचं तर फारच. पण ती यंत्रणा किनो आला नसता तरी येणार होती, चांदीचा वास तिला लागलेलाच होता. मधल्या २४ वर्षांत कोणीतरी तिच्या आणि लोकांच्या मध्ये उभं होतं, याची किंमत मला मोठी वाटते. त्याच्या हयातीत खाणवाल्यांना पिमेरियाची माणसं हवी तशी मिळाली नाहीत.

---

माडाची_सावली

एल तुपोचं वाचून अंगावर काटा आला. मी गोव्यातल्या साष्टीतली. आमच्या कुंकळ्ळीला अगदी असंच घडलंय, त्याच्या शंभर वर्षं आधी.

१५८३ च्या जुलैमध्ये कुंकळ्ळीत पाच जेझुइट मारले गेले. त्यांचा मुख्य रुडॉल्फ आक्वाविवा, जो त्याआधी फत्तेपूर सिक्रीला अकबराच्या दरबारात राहून आला होता. पोर्तुगीजांनी त्याआधी गावातली देवळं पाडली होती, त्याचा तो राग. मग पोर्तुगीजांनी कुंकळ्ळीच्या गांवकारांना, म्हणजे गावच्या प्रमुखांना, बोलणी करायला असोळणेच्या किल्ल्यात बोलावलं आणि आत घेऊन मारलं. एक जण नदीत उडी टाकून वाचला असं सांगतात. कुंकळ्ळीत आज त्या गांवकारांचं स्मारक आहे.

मारल्या गेलेल्या पाद्र्यांना रोमने ‘धन्य’ घोषित केलं. गांवकारांचं स्मारक व्हायला चारशे वर्षांहून जास्त काळ जावा लागला. मी स्वतः ख्रिस्ती आहे, सायबाच्या फेस्ताला न चुकता जाते, आणि तरीही हे बोलल्याशिवाय राहवत नाही.

म्हणून किनोबद्दल मला विचारायचंय ते असं. कत्तल झाल्यावर तो राजधानीत जाऊन पिमांसाठी बोलला. त्या अधिकाऱ्याविरुद्ध बोलला का?

---

पाणंद

@माडाची_सावली, एल तुपोची कत्तल हीच पुढच्या जाळपोळीचं कारण आहे ही त्याची मांडणी होती, आणि ती त्याने लपवून ठेवली नाही. पण तो सैन्याचा विरोधक कधीच नव्हता. अपाचे टोळ्यांविरुद्ध त्याने पिमा योद्ध्यांना स्पॅनिशांच्या बाजूने उभं केलं, त्यांच्या विजयाची वर्णनं उत्साहाने लिहिली. तिथे तो आपल्या काळाचाच माणूस आहे.

कुंकळ्ळीची तुलना अगदी नेमकी आहे. फरक असलाच तर एवढा की असोळण्याच्या आधी आणि नंतर गांवकारांच्या बाजूने बोलणारा पाद्री इतिहासात दिसत नाही. एल तुपोनंतर एक दिसतो.

---

अश्मक

पाणंद ताई, ‘यंत्रणा येणारच होती’ हा युक्तिवाद मला अजूनही मान्य नाही, प्रत्येक वसाहतीबद्दल तो करता येतो. पण साएताचं चरित्र आणि मेक्सिको सिटीचा प्रवास मला ठाऊक नव्हता. तेवढ्यापुरता किनो वेगळा काढायला माझी हरकत नाही.

---

देवराई

माझं काम पाण्याच्या हक्कांशी संबंधित असतं, त्यामुळे आजचं थोडं सांगते. इतिहासातले लोक म्हणून ओओधामांविषयी बोलताना ते आजही तिथेच राहतात हे मागे पडायला नको.

सान झेवियर देल बाक हे त्यांच्या राखीव प्रदेशातलं गाव. त्यांच्या भाषेत वाक. गावाला नाव पडलं ते तिथे वर येणाऱ्या नदीच्या पाण्यावरून, आणि त्याच पाण्यासाठी किनोने ती जागा निवडली. आज तिथल्या सांता क्रुझ नदीत पाणी नाही. विसाव्या शतकात टूसान शहर, खाणी आणि आजूबाजूच्या शेतांनी इतका उपसा केला की भूजल खोल गेलं, मेस्कीटचं जंगल वाळलं, गव्हाची शेतं पडीक झाली. लोकांनी कोर्टात दाद मागितली, १९८२ मध्ये अमेरिकेच्या संसदेने पाणीहक्काचा कायदा केला आणि आता कोलोराडोचं पाणी कालव्याने शेतावर येतं. वर ज्या पोळ्यांचं लिहिलंय त्या गव्हामागे हा सगळा लढा आहे.

दुसरं सीमेचं. किनोच्या मुलखाचे १८५० च्या दशकात दोन तुकडे झाले, अमेरिकेने दक्षिण ॲरिझोना मेक्सिकोकडून विकत घेतला तेव्हा. ओओधाम राष्ट्राच्या अंगावरून आज सुमारे १०० किलोमीटर आंतरराष्ट्रीय सीमा जाते. चुलत्याच्या घरी जायचं तरी चौकी लागते.

आणि तरीही दर ऑक्टोबरात लोक माग्दालेनाला चालत जातात. तिथल्या चर्चमध्ये झेवियरची आडवी निजलेली मूर्ती आहे. रांगेत उभं राहायचं, पाळी आली की मूर्तीच्या मानेखाली हात घालून डोकं किंचित उचलायचं. मन साफ असलं तर उचललं जातं, नसलं तर नाही, अशी श्रद्धा. गंमत म्हणजे सण असतो ४ ऑक्टोबरला, जो असिसीच्या फ्रान्सिसचा दिवस. झेवियरचा ३ डिसेंबर. जेझुइटांना १७६७ मध्ये राजाने हाकलून दिलं आणि असिसीच्या फ्रान्सिसच्या संघाचे पाद्री, फ्रान्सिस्कन, आले, तेव्हा दोन्ही फ्रान्सिस असे एकात एक मिसळले.

---

माडाची_सावली

आडवी मूर्ती! म्हणजे जुन्या गोव्यात सायब जसा निजलाय तशीच. २०२४ च्या शवदर्शनाला आम्ही रांगेत उभे होतो तेव्हा पुढची म्हातारी पेटीच्या काचेला कपाळ टेकवून कोंकणीत घरच्या तक्रारी सांगत होती, कोणी तिला हटकलं नाही. माग्दालेनाची रांग मला आत्ता डोळ्यांसमोर दिसते आहे.

---

पाणंद

@देवराई, पाण्याचं लिहिलंत हे फार बरं केलंत.

आडव्या मूर्तीचं मलाही फार वाटतं. किनोने तरुणपणी बोललेला नवस, त्यातून त्याने तिकडे नेलेली झेवियरची भक्ती, आणि आज त्या भक्तीचे मालक कोण तर चालत येणारे ओओधाम, याकी जमातीचे लोक आणि सोनोराचे शेतकरी. किनोचं नाव न घेता ते झेवियरला भेटून जातात. यात मला काहीच वावगं वाटत नाही.

---

तिठा

किनोची कबर सापडल्याचं कुठेतरी वाचलं होतं. हरवली कशी होती?

---

पाणंद

@तिठा, ज्या छोट्या चर्चमध्ये त्याला पुरलं ते पुढे पडलं, गाव त्यावर वाढत गेलं, जागेची ओळख पुसली गेली. दफनाची नोंद मात्र त्याचा जुना सहकारी फादर काम्पोस याने रीतसर केलेली होती, वेदीच्या कोणत्या बाजूला ते धरून. १९६५ मध्ये ॲरिझोनाने वॉशिंग्टनच्या संसदभवनात त्याचा पुतळा बसवला, तेव्हा शोधाला जोर आला. मेक्सिकोच्या आणि ॲरिझोनाच्या तज्ज्ञांनी मिळून माग्दालेनाच्या चौकात चर खणले, १९६६ च्या मे महिन्यात जुन्या चर्चचा पाया लागला आणि नोंदीत लिहिलेल्या ठिकाणीच सांगाडा मिळाला. गावाचं नाव आता माग्दालेना दे किनो आहे. हाडं जिथे सापडली तिथेच ठेवली आहेत, वर छत्री बांधली आहे, काचेतून दिसतात. २०२० च्या जुलैमध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्याला ‘वंदनीय’ घोषित केलं, संतपदाच्या वाटेवरची ती एक पायरी.

---

कुळीथ

डिसेंबरात फीनिक्सला मुलीकडे येतोय. यातलं काय बघता येईल? सीमा ओलांडायची तयारी नाही.

---

पाणंद

@कुळीथ, सीमेच्या अलीकडेच भरपूर आहे. फीनिक्सहून टूसानला येताना कूलिजला कासा ग्रांदे लागतं, मातीच्या भिंतींची चार मजली प्राचीन इमारत. किनोने १६९४ च्या नोव्हेंबरात तिच्या आत मिस्सा म्हटली होती. हाही ओओधामांच्या पूर्वजांचाच वारसा. टूसानच्या दक्षिणेला पंधरा-एक किलोमीटरवर सान झेवियर. आत्ताचं पांढरं चर्च किनोचं नव्हे, फ्रान्सिस्कनांनी १७८३ ते १७९७ मध्ये बांधलेलं. किनोने १७०० मध्ये पाया घातला तो दुसरा. आणखी तासाभर दक्षिणेला तुमाकाकोरी, तिथे तो १६९१ मध्ये साल्वातिएराबरोबर आला होता. दोलोरेस पलीकडे सोनोरात आहे, पण तिथे आता बघण्यासारखं बांधकाम उरलेलं नाही, त्यामुळे चुकलं असं वाटून घेऊ नका.

सान झेवियरला शक्यतो सकाळी जा. आवारात ओओधाम बायका चुलीवर फ्राय ब्रेड तळत असतात, तो त्यांच्याकडूनच घ्या, रोख पैसे जवळ ठेवा. आणि हे चर्च म्हणजे गावाचं चालू धर्मग्राम आहे. मिस्सा सुरू असेल तर मागच्या बाकावर बसा, कॅमेरा नंतर काढा.